गड तोफेने पडला की हातांनी? : एकोणिसाव्या शतकातील वेढ्यांचा एक आढावा

जव्हारहून मोखाडा आणि तिथून घाट चढून त्र्यंबक, ही उत्तर कोकण आणि नाशिक यांना जोडणारी वाट आहे. या वाटेच्या वरच्या टोकाला ब्रह्मगिरीच्या कातळावर त्र्यंबकचा किल्ला होता. सभोवती दोनशे ते चारशे फुटांचा उभा कडा आणि वर जायला खडकात खोदलेल्या अरुंद पायऱ्या. दरवाजाची जागा सोडली तर तट बांधण्याची गरजही बहुतेक ठिकाणी पडलेली नव्हती. असा किल्ला एप्रिल १८१८च्या अखेरीस अवघ्या काही दिवसांच्या माऱ्यानंतर इंग्रजांच्या हाती गेला. त्याच्या पाठोपाठ या पट्ट्यातले अनेक किल्ले एकही गोळी न झाडता खाली झाले. सह्याद्रीच्या डोंगरी किल्ल्यांनी मोगल फौजांना वर्षानुवर्षे झुंजवले होते, मग १८१८मध्ये ते एका उन्हाळ्यात कसे पडले, हा मराठी इतिहासाने स्वतःला वारंवार विचारलेला प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे आपल्याकडे रुळली आहेत. एक म्हणजे इंग्रजांच्या तोफा सरस होत्या, आणि दुसरे म्हणजे आपल्यात फितुरी होती. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. उपलब्ध पुरावा एकत्र ठेवला तर तिसरेच उत्तर समोर येते. एकोणिसाव्या शतकातला वेढा हा मुळात श्रमाचा सामना होता. चर खणणारे, रस्ता काढणारे, पाणी वाहणारे आणि रात्रीत पडका तट बुजवणारे हात कोणाकडे आहेत आणि ते कोणत्या नात्याने बांधलेले आहेत, यावर निकाल ठरत होता. त्या काळात वेढा घालणाऱ्यांनी हे श्रम पगारी आणि शिस्तबद्ध केले. किल्ल्याच्या बाजूने मात्र गड आणि त्याचा घेरा, म्हणजे पायथ्याची गावे, यांतले जुने नाते सुटत गेले होते.

आधी घटनांचा क्रम पाहू. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि त्यानंतरच्या सात-आठ महिन्यांत पेशवाईचे जवळजवळ सगळे गड पडले. सिंहगड फेब्रुवारीच्या उत्तरार्धात वेढला गेला. अकराशेच्या आसपास गोसावी आणि अरब शिबंदीने दहाएक दिवस मारा सोसला आणि मार्चच्या आरंभी गड सोडला. पुरंदर मार्चमध्ये, वासोटा एप्रिलच्या सुरुवातीला, त्र्यंबक एप्रिलच्या अखेरीस. १० मे रोजी रायगड कर्नल प्रॉथरच्या स्वाधीन झाला. त्या वेळी पेशवे दुसरे बाजीराव यांच्या पत्नी वाराणसीबाई गडावर होत्या. सोलापूर मेच्या मध्यावर पडले, चांद्याचा तट २० मे रोजी हल्ला करून घेतला गेला. मालेगावचा भुईकोट मात्र मेच्या मध्यापासून १३ जूनपर्यंत लढला, आणि शेवटी एप्रिल १८१९मध्ये अशीरगड पडला. या यादीतली एक गोष्ट नजरेत भरते. जे किल्ले निसर्गतः सर्वांत दुर्गम होते, त्यांतले बरेचसे सर्वांत लवकर गेले. आणि सपाटीवरचा, मोसम नदीकाठचा मालेगावचा कोट सगळ्यांत चिवट ठरला. केवळ कड्याची उंची किंवा केवळ तोफेचा पल्ला हे याचे कारण असते तर क्रम उलटा लागायला हवा होता.

वेढ्याचे तंत्र युरोपात सतराव्या शतकातच शास्त्राच्या पातळीवर गेले होते. फ्रेंच अभियंता वोबाँ याने तटाला समांतर चर, त्यांना जोडणारे नागमोडी चर आणि टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारे मोर्चे यांची पद्धत बसवली. पण शास्त्र माहीत असणे आणि ते हातून उतरणे यांत अंतर असते. स्पेनमधल्या बादाहोसच्या तटावर १८१२मध्ये वेलिंग्टनच्या सैन्याची जी भयंकर हानी झाली, तिचे एक कारण तालीम घेतलेल्या खणकऱ्यांचा अभाव हे होते. त्याच वर्षी इंग्लंडात चॅटम इथे अशा सैनिकांना शिकवण्याची व्यवस्था सुरू झाली. १८१७ ते १८१९ या काळातल्या मद्रास सैन्याच्या वेढ्यांची रोजनिशीवजा नोंद एडवर्ड लेक या अभियंता अधिकाऱ्याने १८२५मध्ये ग्रंथरूपाने मांडली, तीही याच धाटणीच्या शिक्षणाचे फळ होती. हे तंत्र आपल्याकडे नवलाईचे होते असे मात्र म्हणता येत नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातल्याच वसईपुढे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने चर खणले, मोर्चे पुढे सरकवले, तटाखाली सुरुंग भरले आणि पोर्तुगीजांसारख्या तटबंदीत मुरलेल्या शत्रूकडून किल्ला घेतला. म्हणजे ज्ञान होते, हिंमत होती, माणसेही होती. पुढच्या ऐंशी वर्षांत जे बदलले ते या माणसांना बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेत बदलले.

चरातले काम म्हणजे काय हे नीट पाहिल्याशिवाय हा मुद्दा कळत नाही. अंधार पडला की अभियंता पुढे जाऊन पांढऱ्या पट्टीने चराची रेघ आखतो. मागून खणणारे एका ओळीत येतात, प्रत्येकाकडे कुदळ आणि फावडे. एकमेकांत चार-सहा फुटांचे अंतर, बोलायचे नाही, विडी पेटवायची नाही, हत्यार खडकावर वाजू द्यायचे नाही. बाजूला बंदूकधारी तुकडी जमिनीला चिकटून पडून राहते, कारण किल्ल्यातून अचानक छापा आला तर खणणारा हातात फावडे घेऊन उभा असतो. विणलेल्या टोपल्या समोर मांडून त्यांत माती भरायची, म्हणजे पहाटेपर्यंत छातीइतका आडोसा तयार होतो. उजाडायच्या आत तो झाला नाही, तर उजेडात त्या खड्ड्यात उभे राहणारा दुपारपर्यंत जिवंत राहण्याची शाश्वती नसते. सह्याद्रीत तर माती मिळणेच कठीण. कातळावर कुदळ चालत नाही, म्हणून पोती आणि टोपल्या भरून माती खालून वर वाहावी लागते. दिवसा एप्रिल-मेचे ऊन, सावली नाही, चरातून मागे जायची सोय नाही, भिस्त्याची पखाल पोचेल तेव्हाच पाणी. शिपायांच्या जातीपातींच्या चुली वेगळ्या, आणि मोर्चात चूल पेटवता येत नाही, म्हणून पाळी संपेपर्यंत भाजलेल्या चण्यांवर काढायचे. या कामात शौर्यगीताला शोभेल असे काही नाही, पण वेढ्याचा पाया तेच होते. कंपनीच्या मद्रास आणि मुंबई सैन्यांनी यासाठी ‘पायोनियर’ पलटणी उभारल्या होत्या. दरमहा पगार, ठरलेली हत्यारे, ठरलेला अंमलदार. हा बदल तोफेच्या धातूत झालेल्या कोणत्याही सुधारणेपेक्षा मोठा होता.

डोंगरी किल्ल्यापुढे चराच्याही आधी रस्ता येतो. अठरा पौंडी गोळ्याची लोखंडी तोफ वजनाला सुमारे दोन टन भरत असे. सपाटीवर ती बैलांच्या जोड्या लावून ओढता येते. घाटात बैल निरुपयोगी ठरतात आणि दोरखंडांना माणसे लागतात. डिसेंबर १८०३मध्ये गाविलगडावर इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली (पुढचा वेलिंग्टन) आणि स्टिव्हन्सन चालून गेले, तेव्हा दक्षिणेकडून समोरासमोर मारा करून भागणार नाही हे उघड होते. स्टिव्हन्सनच्या सैन्याने मेळघाटातून फेरा घालून उत्तरेच्या बाजूला पोचायचे ठरवले, आणि तिथवर रस्ता नव्हताच. जंगल तोडत, उतार खणत, जड तोफा हातांनी ओढत त्यांनी काही दिवसांत तो केला. १५ डिसेंबरला गड पडला तो शिड्या लावून झालेल्या हल्ल्याने, पण त्याचा निकाल जवळपास त्या रस्त्यावरच लागला होता. पुढे १८१८मध्ये उखळी तोफांनी हे काम आणखी सोपे केले. त्या तुलनेने हलक्या असतात आणि शेजारच्या टेकाडावरून तटापलीकडे गोळा टाकू शकतात. डोंगरावरचे पावसाळी निवारे गवताने शाकारलेले, कोठारे लाकडी, आणि दारूखाना एकच. रायगडावर अशाच गोळ्यांनी लागलेल्या आगीत राजवाड्याची राखरांगोळी झाली. तरीही तोफ हे या साखळीचे शेवटचे टोक आहे. तिच्यामागे बैल, दोरखंड, रस्ता, धान्य वाहणारे वंजारी, पाणी, डोलीवाले आणि शेकडो अनामिक हात असतात. साखळीतली एक कडी तुटली तर तोफ पायथ्याशी निकामी पडून राहते.

त्र्यंबकवर नेमके काय झाले ते या दृष्टीने पाहावे. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलची तुकडी चांदवडच्या बाजूचे किल्ले घेत नाशिकवरून त्र्यंबकला आली. तिच्यात गोऱ्या आणि देशी पायदळाबरोबर पायोनियरांच्या कंपन्या होत्या. दोन्ही दरवाजांकडे फौज लावली, रात्रीत उत्तरेच्या बाजूने मोर्चा उभा केला आणि मारा सुरू झाला. कड्याच्या पायथ्याच्या एका उजाड वस्तीकडे इंग्रजी तुकडी पुढे सरकली, तेव्हा वरून गोळ्यांबरोबर धोंडेही आले आणि त्यात माणसे पडली. कातळ तोफेने फुटत नव्हता. भगदाड पडलेले नव्हते. तरीही गडावरच्यांनी बोलणी सुरू केली आणि आपापले सामान घेऊन ते उतरले. शिबंदी पाचशेच्या घरातली, हिंदुस्थानी आणि मराठे शिपाई, जोडीला काही सिद्दी आणि अरब. ब्रह्मगिरीच्या आसपासचा मुलूख महादेव कोळी, कोकणा, ठाकूर यांचा. त्यांतल्या कोळ्यांवर बाजीरावांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांची मदार मोठी होती. पण वेढ्याच्या त्या दिवसांत खालचा मुलूख आणि वरची शिबंदी एकमेकांच्या उपयोगी पडलेली दिसत नाही. खालून रसद गेली नाही, रात्री मोर्चावर पिछाडीने छापा पडला नाही, घाटवाटा अडल्या नाहीत. कडा शाबूत असताना गड गेला.

पूर्वी असे नव्हते. डोंगरी किल्ल्याची मराठी व्यवस्था तटावर संपत नसे. वर हवालदार, सबनीस, कारखानीस. डोंगराच्या कमरेला मेटांवर पहारे. आणि पायथ्याला घेरा, म्हणजे गडाच्या राखणीशी बांधलेली गावे. गडकरी, कोळी, रामोशी, बेरड, महार यांना या राखणीच्या बदल्यात जमिनी आणि हक्क मिळत. सह्याद्रीच्या या भागात महादेव कोळी नाईकांचा किल्ल्यांच्या राखणीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता, आणि जव्हारचे मुकणे घराणे तर स्वतःच त्या समाजातले. अशा व्यवस्थेत गड राखणे म्हणजे स्वतःचे शेत, स्वतःचे पाणी आणि मुलाबाळांचा हक्क राखणे. वाटा त्यांच्या पायाखालच्या, कुठल्या टाक्याला मेपर्यंत पाणी टिकते हे त्यांना ठाऊक, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांना वेळ हवा असे. जूनमध्ये सह्याद्रीत पाऊस उतरला की खालचे चर पाण्याने भरतात, दारू भिजते, बैल चिखलात रुततात. पावसापर्यंत तग धरणे हीच डोंगरी किल्ल्याची खरी युद्धनीती होती. पेशवाईच्या शेवटच्या टप्प्यात महत्त्वाच्या किल्ल्यांवर अरब, गोसावी, हिंदुस्थानी अशी रोख पगाराची शिबंदी वाढली. ती लढाऊ होती, पण घेऱ्याशी तिचे देणेघेणे नव्हते. तिला पावसाळ्याची वाट पाहण्यात काही मिळवायचे नव्हते. थकलेला पगार आणि सुरक्षित वाट मिळाली की गड सोडणे तिच्या दृष्टीने रास्त होते.

यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप मालेगावचा आहे. तिथली शिबंदी भाडोत्री अरबांचीच होती, आणि १८१८च्या साऱ्या मोहिमेत इंग्रजांना एवढा चिवट विरोध क्वचितच कुठे झाला. वेढ्याच्या सुरुवातीलाच अरबांनी बाहेर पडून चरांवर छापा घातला. त्यात मुख्य अभियंता अधिकारी डेव्हिस मारला गेला. २९ मेच्या हल्ल्यात इंग्रजी फौज भगदाडाच्या माथ्यापर्यंत पोचली, पण आतली उतरण खोल होती आणि शिड्या अपुऱ्या पडल्या. पुढे चालणारा तरुण अभियंता नॅट्स तिथेच ठार झाला आणि हल्ला फसला. पुढे कुमक आली, उखळी तोफा आल्या, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात किल्ल्यातला दारूखाना उडाला आणि तटाचा मोठा भाग ढासळला, तेव्हा कुठे अरबांनी शस्त्रे ठेवली. इंग्रजांची दोनशेच्या वर माणसे ठार-जखमी झाली. म्हणजे भाडोत्री माणसे लढत नाहीत असे मी म्हटले असते तर मालेगावने ते खोटे ठरवले असते. माझे म्हणणे वेगळे आहे. मालेगावचे अरब शहराला लागून असलेल्या कोटात होते. धान्य, पाणी, वस्ती हाताशी होती आणि शिबंदी एकाच जमातीची, परस्परांना बांधलेली होती. त्यांचे बंधन घेऱ्याशी नसून आपसांत होते, पण बंधन होते. त्र्यंबकवर दोन्ही प्रकारची बंधने दिसत नाहीत. माणसे कशाने एकत्र धरली जातात हा प्रश्न मालेगाव पुसून टाकत नाही, उलट अधिक ठळक करते.

दुसरा आक्षेप तोफेचा. १८४४मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी बंड केले, तेव्हा घेरा आणि गड पुन्हा एक झाले होते. त्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे देण्याच्या निर्णयाने ते पेटले होते, म्हणजे हा लढा अगदी आपण मघाशी पाहिलेल्या नात्यासाठीच होता. सामानगड काही आठवडे टिकला, पण वेढ्याच्या जड तोफा येऊन पोचल्यावर १३ ऑक्टोबरला पडला. पन्हाळा १ डिसेंबरला गेला. मग तोफच निर्णायक नव्हे काय? शेवटचा घाव तोफेचा होता हे मान्यच आहे. पण त्या आठवड्यांत काय घडले ते पाहावे लागते. बंड सामानगडावरून भुदरगड, पन्हाळा असे पसरले, कर्नल ओव्हान्ससारखा राजकीय अधिकारी बंडवाल्यांच्या कैदेत पडला, सावंतवाडीकडे मनोहर-मनसंतोषच्या रानात झुंज नव्या वर्षापर्यंत चालली. १८१८मध्ये एक त्र्यंबक पडल्यावर शेजारचे गड आपोआप खाली झाले; १८४४मध्ये एक गड वेढला असता दुसरे पेटले. तोफा दोन्ही वेळी होत्या, फरक माणसांत होता. झाशीचेही तसेच. मार्च १८५८मध्ये इंग्रज सेनानी ह्यू रोजच्या तोफा दिवसरात्र चालू असताना झाशी सुमारे दोन आठवडे लढली. तटावरच्या मोर्चांत बायका दारूगोळा वाहताना दिसतात, अशी नोंद खुद्द रोजने केली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरात होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये पाण्याचे हाल, घरांवर पडणारे गोळे आणि रात्रीतून चालणारी डागडुजी यांचे जे वर्णन आहे, ते वेढ्यातल्या सामान्य माणसाच्या जगण्याचा मराठीतला अमोल पुरावा आहे. झाशीही पडली. श्रमाची एकजूट असली की विजय नक्की, असा दावा मी करत नाही. एवढेच म्हणतो की तिच्यामुळे वेढ्याची किंमत आणि मुदत बदलते, आणि डोंगरी मुलखात मुदत हेच सर्वांत मोठे शस्त्र असते.

जगाचा अनुभवही याच बाजूचा आहे. क्रिमियातल्या सेवास्तोपोलचा बचाव १८५४-५५मध्ये जवळजवळ वर्षभर चालला. त्याचा आधार दगडी तटापेक्षा रशियन अभियंता टोटलेबेन याने खलाशी, सैनिक आणि नागरिक यांच्याकडून करवून घेतलेली मातीची कामे हा होता. दिवसा पडलेला बांध रात्रीत उभा राही. बाहेरच्या चरांतल्या इंग्रज सैनिकांची मात्र गोळ्यांपेक्षा रोगराई, थंडी आणि उपासमार यांनी अधिक हानी झाली. १८७७मध्ये प्लेव्हनाच्या मातीच्या बांधांआडून तुर्कांनी रशियन फौजेला महिनोन्‌महिने थोपवले. शतक पुढे गेले तसा दगड मागे पडला आणि फावडे पुढे आले. आपल्याकडचे १८१८चे वेढे या दृष्टीने नशीबवानच म्हणायचे, कारण १८१७मध्ये बंगालमधून निघालेली पटकीची मोठी साथ दख्खन आणि मुंबईत पोचली ती १८१८च्या पावसाळ्याच्या सुमारास. वेढे दोन महिने लांबले असते तर चरांत बसलेल्या फौजेचे काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. पावसापर्यंत तग धरणे किती मोलाचे होते, हे यावरूनही कळते.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने फेब्रुवारी १८१८मध्ये साताऱ्याहून जाहीरनामा काढून वतने, इनामे, नेमणुका चालू ठेवण्याचे आश्वासन दिले. त्याच महिन्यात आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. पेशवा पळत होता. अशा वेळी गडकऱ्याने कोणासाठी लढायचे? हा आक्षेप मला पटतो, पण तो माझ्या विधानाला छेद न देता त्याचीच पुष्टी करतो. वतन राखण्यासाठी गड राखावा लागतो, हे जुने समीकरण या एका जाहीरनाम्याने मोडून टाकले. गड न लढवताही वतन राहणार असेल तर कोण कड्यावर मरेल? ज्याला आपण फितुरी म्हणतो तिच्यातला बराचसा भाग असा हिशेबी आणि समजण्याजोगा होता. एखाद्या किल्लेदाराला गद्दार ठरवून आपण हा मोठा बदल नजरेआड करतो, आणि ज्या व्यवस्थेने हजारोंना लढण्याचे कारण दिले होते ती कशी विरली हे विचारायचे राहून जाते.

ती आश्वासने डोंगरातल्या लोकांपुरती किती पोकळ निघाली, हे पुढच्या तीस वर्षांनी दाखवले. किल्ले हाती येताच कंपनीने त्यांची पाहणी करवली. कोकणात कॅप्टन डिकिन्सनने, खानदेश-नाशिककडे कॅप्टन ब्रिग्जने. अनेक ठिकाणी दरवाजे आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या. गडावरची चाकरी संपली, नाईकांचे हक्क आखडले, आणि कोळी मुलुखात १८२८च्या सुमारास रामजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. त्यांचे चिरंजीव राघोजी भांगरे १८४४पासून लढत राहिले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. तो तुरुंग ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातच होता. डिसेंबर १८५७मध्ये मोखाड्याच्या शेजारच्या हरसूलचा बाजार लुटला गेला आणि पेठ संस्थानच्या भगवंतरावांना फासावर चढवले गेले. त्याच सुमारास कॅप्टन नटॉलने कोळ्यांचीच एक पलटण उभारली. एकाच समाजाची माणसे दोन्ही बाजूंना दिसतात याचे आश्चर्य वाटायला नको. हक्काची भाकरी जिथे मिळेल तिथे ती गेली. पण ध्यानात घ्यावे ते असे की १८१८मध्ये त्र्यंबकच्या मोर्चापुढे ज्या रानवाटा स्तब्ध राहिल्या, त्याच वाटांवर पुढची चाळीस वर्षे सरकारला फौज फिरवावी लागली. लढण्याची ताकद मुलखात होतीच. गडाला ती जोडून घेता आली नव्हती.

इथे एका धोक्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. गड आणि घेरा यांच्या नात्याचे गोडवे गाताना आपण ते न्याय्य होते असे समजू लागतो. ते तसे नव्हते. वतनाच्या शेजारी वेठ होती. दगड कोणी वाहिले, टाकी कोणी खोदली, गवत आणि लाकूड वर कोणी नेले, हे विचारले तर उत्तरात महार, कोळी, वारली, कातकरी यांची फुकट राबलेली पाठ दिसते. वेढा घालणाऱ्या फौजाही ओझ्यासाठी बिगारी धरीत. जव्हार, डहाणू, तलासरी, मोखाड्याच्या पट्ट्यात वेठबिगार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली आणि १९४५नंतरच्या वारल्यांच्या लढ्याने तिच्यावर घाव घातला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे तो इतिहास मराठी वाचकापर्यंत पोचला. म्हणून श्रमाच्या बाजूने वेढ्याचा इतिहास लिहायचा तर तो जुन्या राजवटीचा गौरव म्हणून लिहून चालणार नाही. हक्क देऊन घेतलेले श्रम आणि लादून घेतलेले श्रम यांत राज्य टिकण्याच्या दृष्टीने किती फरक पडतो, हेच त्या इतिहासाचे मर्म आहे. ज्याला हक्क होता तो पावसापर्यंत थांबायला तयार होता. ज्याच्यावर फक्त ओझे होते, त्याने ओझे टाकायची संधी सोडली नाही, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

मराठीत किल्ल्यांवर उदंड लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे प्रेमाने आणि कष्टाने लिहिलेले आहे. तरी बुरूज, दरवाजे, चढाईची वाट आणि लढाईची तारीख यांच्यापुढे हे लेखन सहसा जात नाही. जव्हार तालुक्यात झापजवळ भूपतगड आहे. माथ्यावर पाण्याची टाकी आणि पडक्या बांधकामाचे अवशेष, भोवती पिंजाळच्या खोऱ्यातली रानातली गावे. त्याचा इतिहास लिहायचा तर माथ्यावरच्या दगडांइतकेच पायथ्याचे पाडे मोजावे लागतील. कोणत्या पाड्याकडे कोणते काम होते, कोणत्या कुटुंबांकडे राखणीची आठवण अजून सांगितली जाते, कोणते टाके उन्हाळ्यात टिकते, कोणत्या वाटेने धान्य वर जात असे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले घेऱ्याचे आणि नेमणुकांचे कागद, जुन्या जव्हार संस्थानचे कागद आणि पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची माहिती, या तिन्हींची सांगड घालणारे काम जव्हार-मोखाड्याच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी आणि तिथे येणाऱ्या दुर्गप्रेमींनी हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दगड अजून काही शतके टिकतील. घेऱ्यातली आठवण सांगणारी पिढी तेवढी टिकणार नाही, म्हणून सुरुवात गडाच्या पायथ्यापासून करावी.